पावाचे पीठ, सोलापूरचा वैशाख आणि विकतची लादी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका गेल्या मार्गशीर्षात लग्न होऊन डोंबिवलीहून जुळे सोलापुरात आल्या. माहेरी त्या चार वर्षे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये डिनर रोल करत असत आणि वर मध-बटरचा गोड थर असलेल्या त्या मऊ पावांचे सगळीकडे कौतुक होत असे. ओव्हन त्यांनी सोबत आणला आहे, कृतीची वहीही तीच आहे. तरीही होळीनंतर पाच वेळा केलेले रोल पाचही वेळा फसले. पीठ मळताना घट्ट लागते, तासाभराने मात्र हाताला चिकटते, म्हणून त्या वरून मैदा भुरभुरवतात. भाजल्यावर रोलवर सुरकुत्या पडतात, रंग फिकट राहतो, किंचित आंबूस वास येतो, गोड थर कडेला जळतो आणि दुसऱ्या दिवशी पावाचा दगड होतो. सासूबाई म्हणतात, “इथलं पाणीच तसं आहे, आणि आपल्याकडे भाकरी आहेच की.” पती म्हणतात, नाद सोडून दे. वैशाखाच्या अखेरीस सासऱ्यांच्या साठीनिमित्त घरी तीसेक माणसे जेवायला येणार आहेत आणि ‘सूनबाई गोड पाव करणार आहेत’ हे सासूबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून टाकले आहे. बेकरीतून पावाची लादी आणून तिच्यावर आपले मध-बटर लावावे, कोणाला कळणारही नाही, असे पत्रलेखिकेच्या मनात आले आहे. ती फसवणूक ठरेल का, की नवा मोठा ओव्हन घ्यावा, आणि ‘लग्नानंतर माझा हातच गेला का’, असे त्या विचारतात.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पाच वेळा फसलेल्या पदार्थाबद्दल इतके नेमके लिहिणारे फार थोडे भेटतात. बहुतेक पत्रांत ‘नीट होत नाही’ एवढेच असते. तुम्ही मात्र मळताना काय, तासाभराने काय आणि दुसऱ्या दिवशी काय, हे सगळे क्रमाने लिहिले आहे आणि रोगाचे निदान त्या क्रमातच दडलेले आहे. म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ज्या हाताला पीठ ‘आधी घट्ट आणि नंतर चिकट’ हा फरक कळतो, तो हात जागेवर आहे.

तुमचे म्हणणे असे की ओव्हन तोच, वही तीच आणि हातही तेच, तेव्हा बिघाड हातातच असणार. पण सारखेपणाच्या या यादीत न लिहिलेल्या तीन गोष्टी आहेत आणि त्या तिन्ही बदलल्या आहेत : तुमच्या स्वयंपाकघरातली उष्णता, हवेतला ओलावा आणि दूध. वहीत त्यांचा उल्लेख नाही, कारण डोंबिवलीत तो करायची गरज पडली नाही. आपण कृती लिहितो तेव्हा घटक लिहितो, मापे लिहितो, ‘कोमट दूध’ आणि ‘एक तास झाकून ठेवा’ असेही लिहितो. पण तो तास कोणत्या गावातला आणि कोणत्या महिन्यातला, हे मात्र कोणी लिहीत नाही.

आधी उष्णतेकडे पाहू, कारण तुमच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तिच्यातूनच आल्या आहेत. पावाचे पीठ मळून झाल्यावर 26–27 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, असा पाव करणाऱ्यांचा अनुभव आहे. ते साधण्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट करायची आणि तिच्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करायची. उरेल ते दुधाचे तापमान. हाताने मळताना ही वाढ साधारण 3 अंश धरतात. आता तुमच्या ओट्यावरचा हिशेब मांडू. सोलापुरात या दिवसांत दुपारी बाहेर 41–42 अंश असतात, तेव्हा स्वयंपाकघरात 38 आणि डब्यातल्या मैद्याचे 37 धरू. 27 ची तिप्पट 81. त्यातून 38, 37 आणि 3 गेले की उरतात 3. म्हणजे दूध फ्रिजमधून नुकतेच काढलेले, बोटाला झोंबेल इतके गार हवे, आणि तुमची वही मात्र ते कोमट करायला सांगते.

हाच हिशेब उलटा करून पाहिला की फरक आणखी स्पष्ट होतो. डोंबिवलीत स्वयंपाकघर 28, मैदा 28 आणि दूध 38 धरले, तर पीठ साधारण 32 अंशांवर जाई. तेही थोडे उबदारच, पण निभावून जाण्यासारखे. इथे त्याच कोमट दुधाने पीठ 39 अंशांच्या आसपास पोहोचते. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि ऊब वाढली की त्याचा वेग वाढतो. ढोबळमानाने आठ-दहा अंशांना तो दुप्पट होतो. म्हणजे डोंबिवलीतला तास इथे पस्तीस-चाळीस मिनिटांतच संपतो. तुम्ही मात्र गजर लावून पूर्ण तास थांबता. त्या उरलेल्या वेळात यीस्ट पिठातली साखर फस्त करते, आंबटपणा आणि मद्याचा वास वाढतो, वायू धरून ठेवणारी जाळी ताणून ताणून सैल पडते, आणि बटर इतक्या उष्णतेत वितळून सुटू लागते. तासाभराने पीठ चिकटते ते यामुळे.

पुढची साखळी तुमच्याच पत्रात आहे. चिकटते म्हणून तुम्ही कोरडा मैदा भुरभुरवता, त्याने पाव आणखी निबर होतो. सैल पडलेली जाळी ओव्हनमधून बाहेर येताच बसते, म्हणून सुरकुत्या पडतात. पावाला तपकिरी रंग येण्यासाठी पिठात थोडी साखर शिल्लक असावी लागते. ती संपलेली असल्यामुळे रोल फिकट राहतो. फिकट दिसतो म्हणून तुम्ही तो आणखी सात-आठ मिनिटे भाजता आणि तेवढ्यात आतला ओलावा उडून जातो, तर वरचा मध जळतो. पाच वेगवेगळे दोष वाटत होते ते एकाच गजराने घडवले. ओव्हन यात कुठेच दोषी नाही, तेव्हा नव्या ओव्हनचा विचार आजच बाजूला ठेवावा. मोठा ओव्हन हेच पीठ एका वेळी जास्त संख्येने फसवील, इतकेच.

आता सासूबाईंच्या पाण्याकडे वळू. सोलापुरात पाणी हा घराघरातला विषय आहे. नळ कधी येणार, किती भरून ठेवायचे आणि बोअरचे कशाला वापरायचे, यावर दिवसाचे वेळापत्रक ठरते. त्यामुळे काही बिघडले की बोट पाण्याकडे जाणे स्वाभाविक आहे. फार कठीण पाण्याने पावाचे पीठ चिवट होते हेही खरे. पण तुमच्या कृतीत पाण्याचा एक थेंब नाही. सगळे पीठ दुधात मळले जाते. म्हणून सासूबाईंचे निदान जरा सरकवून दुधावर आणले, तर त्या बरोबर ठरतात. डोंबिवलीत तुम्ही पिशवीचे टोन्ड दूध वापरत होता, ज्यात स्निग्धांश सुमारे 3 टक्के असतो. इथे, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, गवळी दारात म्हशीचे दूध घालतो. पंढरपुरी म्हशीच्या या जिल्ह्यात दुधावर जाड साय यावी यात नवल नाही, पण म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि इतर घन भाग जास्त असतो, म्हणजेच पाणी कमी असते. 155 मिलिलिटर टोन्ड दुधातून पिठाला जेवढे पाणी मिळते, त्यापेक्षा तेवढ्याच म्हशीच्या दुधातून सात-आठ ग्रॅम कमी मिळते. त्यात इथली हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की डब्यातला मैदाही मुंबईकडच्या मैद्यापेक्षा कोरडा असतो आणि जास्त पाणी मागतो. मळताना पीठ घट्ट लागते त्याचे कारण हे. दूध सायीसकट न घेता साय काढून घ्यावे आणि त्यात चार भागांना एक भाग गार पाणी मिसळावे. पिण्याचे पाणी वापरले की पुरे.

कोरड्या हवेचा आणखी एक उपद्रव आहे. पिठावर ओले फडके टाका, असे प्रत्येक कृतीत लिहिलेले असते. पण वैशाखात इथे ओले पातळ फडके पंधरा मिनिटांत कडकडीत वाळते आणि पिठाला चिकटून त्याची साल ओढून काढते. कूलर सुरू असेल तर साल आणखी लवकर धरते. म्हणून फडके पिठावर टाकू नये. पीठ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे, आत तेलाचा हात फिरवावा, आणि ओला टॉवेल डब्याच्या बाहेरून गुंडाळावा. जाड टॉवेलची या शहरात वानवा नाही. माठ जसा झिरपून गार होतो तसा तो डबा गार राहतो; माठाशेजारची, कूलरच्या झोतापासून दूरची जागा त्यासाठी सर्वांत चांगली. माझ्याच घरी एका मे महिन्यात मी डबा गच्चीच्या जिन्यात ठेवून दुपारची डुलकी काढली होती. उठून पाहते तो झाकण दोन पायऱ्या खाली आणि पीठ जिन्यावर. तेव्हापासून मी वेळ पाहत नाही, पीठ पाहते.

पीठ पाहायचे म्हणजे नेमके काय, हे लिहायला हवे, कारण ‘दुप्पट झाले की’ हे वाक्य फसवे आहे. गोल भांड्यात दुप्पट ओळखणे अनुभवी डोळ्यालाही कठीण जाते. पीठ मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा काढून सरळ कडांच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवावा आणि त्याच्या पातळीवर बाहेरून रबर लावावे. हा पेला डब्याशेजारी त्याच टॉवेलच्या घडीत झाकून ठेवावा. पेल्यातले पीठ रबराच्या दुप्पट उंचीवर आले की डब्यातलेही झाले. गार दुधात मळलेल्या पिठाला उन्हाळ्यात बहुधा पाऊण तास लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, त्याच पिठाला दीड तासही लागू शकतो. रोल वळून ताटलीत लावल्यावरची दुसरी फुगवण मात्र बोटाने पाहावी. ओल्या बोटाने कडेला हलकेच दाबले असता खळगा चटकन भरून आला तर वेळ आहे. सावकाश आणि अर्धवट भरला तर ताबडतोब ओव्हनमध्ये घालावे. तसाच राहिला आणि पीठ खाली बसू लागले तर उशीर झाला. असा उशीर झालाच, तर ते पीठ टाकून न देता थापून पिझ्झ्याचा रोट करावा.

मापे तुमच्या वहीतलीच ठेवली तरी चालतील. तरीही इतर वाचकांसाठी, आठ इंची चौकोनी ताटलीत मावणाऱ्या नऊ रोलचे माप देते : मैदा 250 ग्रॅम, दूध व पाणी मिळून सुमारे 170 मिलिलिटर, साखर 25 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम, मीठ 4 ग्रॅम आणि खारे बटर 30 ग्रॅम. साखर याहून फार वाढवू नये; मैद्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे गेली की ती पिठातले पाणी ओढून धरते आणि यीस्ट मंदावते. गोडवा वरच्या थरातून येणारच आहे. इन्स्टंट यीस्ट कोरड्या मैद्यात मिसळावे, म्हणजे गार दुधाचा त्याला थेट धक्का बसत नाही. जाड दाण्याचे यीस्ट असेल तर ते मात्र दोन चमचे कोमट पाण्यात आधी भिजवावे लागते. फोडलेले पाकीट मसाल्याच्या कप्प्यात ठेवू नये. इथल्या उन्हाळ्यात ते महिन्याभरातच निकामी होऊ शकते. हवाबंद बरणीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावे. बटर पहिल्यापासून घालू नये. पीठ आठ-दहा मिनिटे मळून लवचिक झाले की मग थोडेथोडे घालून पुन्हा मळावे, आणि चिमूटभर पीठ दोन्ही हातांनी ताणल्यावर न फाटता त्यातून उजेड दिसेपर्यंत थांबू नये.

या मापातली एक गोष्ट मुद्दाम वेगळी काढते, कारण तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडावरचा तो उपाय आहे. 250 ग्रॅममधला 20 ग्रॅम मैदा 100 मिलिलिटर दूध-पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा आणि मंद आचेवर हलवत राहावे. साधारण 65 अंशांना तो पिठल्यासारखा दाटतो आणि डाव फिरवल्यावर भांड्याचा तळ दिसू लागतो. पूर्वेकडच्या देशांत मऊ पावांसाठी हे करतात आणि त्याला परदेशी नाव आहे. आपण त्याला उकड म्हणावे, कारण ती उकडच आहे. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ही उकड फ्रिजमध्ये पूर्ण गार करून मगच उरलेल्या 230 ग्रॅम मैद्यात आणि 70 मिलिलिटर गार दूध-पाण्यात घालावी. घाईने गरम घातलीत तर वरचा सगळा हिशेब पुन्हा चुकेल.

इथे सासूबाईंच्या भाकरीचा विषय निघतो आणि तुमच्या आणखी एका गृहीतकाबद्दल मला शंका येते. ‘आपल्याकडे भाकरी आहेच की’ हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून घेतले आहे. पाचव्यांदा फसलेली ताटली घेऊन उभ्या असलेल्या सुनेला, जाऊ दे, जेवायला भाकरी आहे, असे सांगणे मला तरी सांत्वनासारखे वाटते. शिवाय ज्या बाईंना सुनेच्या पावांची खात्री नाही, त्या साठीच्या जेवणात ते होणार असल्याचे तीस नातेवाइकांना सांगत फिरणार नाहीत. त्यांचा विश्वास तुमच्यापेक्षा जास्त आहे, असेच हे वागणे सांगते. मी अर्थात त्यांचा आवाज ऐकलेला नाही, तुम्ही ऐकला आहे. तरीही एकदा हा दुसरा अर्थ धरून पाहा.

आणि त्यांच्याकडून मिळण्यासारखे बरेच आहे. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे बांधून धरणारा चिकटपणा, गेली आहे का, हे ज्या बाईला बोटांना कळते, आधणाचे पाणी किती घालायचे हे जी कधी मोजत नाही, तिच्याइतका पिठाचा अंदाज मापाच्या कपांना नसतो. ज्वारीत गव्हासारखी चिवट जाळी तयार होत नाही, म्हणून तिथे उकळते पाणी घालून पीठ बांधून घ्यावे लागते. मैद्यात ती जाळी असते, म्हणून इथे गारवा लागतो. हा फरक एकदा सांगितला की पुढच्या वेळी पीठ त्यांच्या हाती द्या आणि घट्ट आहे की सैल, एवढेच विचारा. हे गोड वागण्यासाठी म्हणून सुचवत नाही. दोन अनुभवी हातांनी पीठ तपासले की चूक लवकर सापडते, एवढाच हेतू आहे.

मध-बटरच्या थराबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे, पण कौतुक तर त्याचेच होते. तुम्ही तो भाजण्याआधी लावता. मधातली फळशर्करा साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला करपते आणि लहान ओव्हनमध्ये वरची कांडी रोलपासून अवघ्या काही इंचांवर असते. डोंबिवलीत रोल लवकर रंगत असल्यामुळे तुम्ही ते वेळेत बाहेर काढत होता आणि चूक झाकली जात होती. आता भाजण्याआधी फक्त दुधाचा हात फिरवा. आधी तापवून घेतलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर, ताटली मधल्या कप्प्याच्या खाली ठेवून, 18 ते 20 मिनिटे भाजा, आणि बाराव्या मिनिटाला रंग पुरेसा वाटला तर वरून फॉइल झाका. बाहेर काढताच नुसते बटर फिरवावे, म्हणजे साल मऊ पडते. मध मिसळलेला थर पाच-सात मिनिटांनी, वाफ ओसरल्यावर लावावा. वाफाळत्या पावावर लावला तर तो आत मुरतो, वरचा भाग लिबलिबीत होतो आणि चकाकी राहत नाही.

फेटून मलईसारखे केलेले मध-बटर मात्र वैशाखात विसरावे. बटर 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळते आणि तुमच्या जेवणघरात त्याहून अधिक ऊब असेल. पंगत बसेपर्यंत ताटात तुपाचे तळे होईल. त्याऐवजी 40 ग्रॅम बटर जेमतेम पातळ होईल इतकेच तापवावे, विस्तवावरून उतरवून त्यात 20 ग्रॅम मध घालावा आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत घोटावे. बटर कढवू नये. कढवले की त्याचे तूप होते आणि त्यात मध मिसळत नाही, तळाशी बसतो.

याखेरीज एक सूचना करते, हवी तर घ्यावी. सोलापुरात संक्रांतीला शेंगा पोळी होते, आणि तुमच्या सासऱ्यांना ती ‘कोणत्याही महिन्यात चालते’ असे तुम्हीच लिहिले आहे. भाजलेल्या दाण्यांचे बारीक कूट दोन चमचे, किसलेला गूळ दोन चमचे आणि वेलदोड्याची किंचित पूड त्या पातळ बटरमध्ये घालून गूळ विरेपर्यंत घोटावे आणि मधाऐवजी हे लावावे. दाणे खमंग भाजून, सालपटे काढूनच घ्यावेत, नाहीतर कडवटपणा उतरतो. हा थर मधासारखा वाहत नाही, चिकटून राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो मधापेक्षा सोयीचाही पडतो. साठीच्या दिवशी निम्मे रोल मधाचे आणि निम्मे शेंगांचे करावेत. ताटात सोबत तिखट आमटी असणारच, तिच्याबरोबर हा गोड-खारा पाव उत्तम लागतो.

आता लादीचा प्रश्न. विकतची लादी आणणे ही फसवणूक नाही. ती तुमच्या हातची म्हणून वाढणे ही आहे. ‘कोणाला कळणार नाही’ हा अंदाजही मला कच्चा वाटतो. लादी पाव पाणी, मैदा, यीस्ट आणि मीठ यांचा; त्यात स्निग्धांश जेमतेम असतो, आणि तो मिसळ किंवा भाजीचा रस पिण्यासाठीच तसा मोकळा ठेवलेला असतो. तुमचे मध-बटर तो पाच मिनिटांत शोषून घेईल आणि वर काही दिसणार नाही. आणि कळले नाही तर आणखी पंचाईत. ‘तसेच पाव’ दिवाळीला मागितले जातील, तेव्हा तुम्ही पुन्हा चोरून बेकरीत जाल का?

याचा अर्थ बेकरीची मदत घेऊ नये असा नाही. दिवाळीत नानकटाईचे पीठ घरी करून बेकरीत भाजायला देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर तुमचे वळलेले रोल जवळच्या बेकरीत भाजून मिळतील का, हे विचारून पाहा. पावाच्या घाण्यानंतर भट्टी जरा उतरली असताना, खारी-बिस्किटांच्या वेळेला घालायला सांगा. चढत्या भट्टीत गोडसर पीठ पटकन काळे पडते. वरचा थर अर्थातच घरी आल्यावर लावायचा. बेकरीचे अंतर मात्र दहा मिनिटांच्या आत असावे, नाहीतर रिक्षातच रोल फुगून ओसरतील.

ओव्हन घरचाच वापरायचा असेल तर संख्या आवरा. तुम्ही साठ रोलचे मनात धरले आहे. साठीच्या जेवणात पोळी, भात, गोडधोड हे सगळे असताना माणशी एक रोल आणि वर थोडे, असे छत्तीस पुरतात. नऊ-नऊच्या चार ताटल्या झाल्या. मैदा एक किलो. चारही एकदम मळू नका, कारण पहिली ताटली ओव्हनमध्ये असताना चौथी फुगून बसेल. पाऊण किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने मळा, किंवा वळलेल्या ताटल्या झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि एकेक बाहेर काढा. गारव्यात यीस्ट थांबत नाही, पण बरेच मंदावते. हे काम आदल्या दिवशी पहाटे करा. पहाटे स्वयंपाकघर निदान सात-आठ अंशांनी सुसह्य असते, आणि या दिवसांत दुपारनंतर वळवाचे वादळ येऊन वीज गेली तर भाजायला घातलेली ताटली तुमच्यासारखीच हताश होऊन बसते.

भाजलेले रोल जाळीवर पूर्ण गार करून घट्ट डब्यात बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. पाव शिळा पडण्याचा वेग फ्रिजच्या गारव्यातच सर्वांत जास्त असतो. साठीच्या दिवशी पंगतीआधी 150 अंशांवर पाच-सहा मिनिटे गरम करावेत आणि मग थर लावावा. उकड घातलेले रोल एवढ्याने पुन्हा मऊ होतात.

त्या दिवसापर्यंत तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. येत्या रविवारी फक्त नऊ रोल करा आणि वहीच्या समासात तीन गोष्टी लिहून ठेवा : स्वयंपाकघरातले तापमान, दूध कोणते आणि किती गार, आणि पेल्यातले पीठ दुप्पट व्हायला किती मिनिटे लागली. बिघडलेच तर याच तीन आकड्यांसह मला पुन्हा लिहा. आणि सासूबाईंचे बोट पिठाला काय म्हणाले, तेही कळवा.